साक्षीदाराचं पुस्तक, साहित्याच्या तासाला

अमेरिकेत नववी-दहावीत शिकणाऱ्या मुलांच्या दप्तरात एक बारकंसं पुस्तक बऱ्याचदा सापडतं. १९६० साली ते इंग्रजीत पहिल्यांदा आलं तेव्हा जेमतेम ११६ पानांचं होतं. नाव 'नाइट', लेखक एली वीझेल. नाझींच्या ऑश्विट्झ छावणीतून जिवंत परतलेल्या मुलाने पुढे लिहिलेल्या या आठवणी. न्यू जर्सीत १९९४ पासून होलोकॉस्ट (नाझींनी केलेलं ज्यूंचं हत्याकांड) आणि वंशसंहार हा विषय शाळेत शिकवणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि इलिनॉयने तर १९९० मध्येच तसा कायदा केला. त्यामुळे तिकडच्या मराठी घरांतही हे पुस्तक पोचतं आणि आईवडिलांना प्रश्न पडतो: हा तर इतिहास, मग हे इंग्रजीच्या तासाला, कविता-नाटकांच्या शेजारी कशाला?

प्रश्न रास्त आहे. माझ्या मते उत्तर असं: साठ लाख ज्यू कसे, कुठे, कोणत्या क्रमाने मारले गेले ते इतिहासाचा तास सांगतो. त्यातल्या एका माणसाने ते सांगायला तोंड उघडलं तेव्हा त्याचं ऐकायचं कसं, त्याने काय सांगितलं, काय गाळलं, कुठे थांबला, हे साहित्याच्या तासाला शिकता येतं. साक्ष ऐकणं हे कौशल्य आहे आणि ते आपोआप येत नाही.

आधी पार्श्वभूमी, कारण तिच्याशिवाय पुस्तकाचं पहिलं प्रकरणच कळत नाही. वीझेलचा जन्म ३० सप्टेंबर १९२८ चा, सिगेत नावाच्या गावातला. तेव्हा ते रोमानियात होतं, १९४० मध्ये हंगेरीकडे गेलं, आज पुन्हा रोमानियात आहे. वडील श्लोमो दुकानदार, समाजात मान असलेले. आई सारा, हिल्डा आणि बेआ या दोन मोठ्या बहिणी आणि धाकटी त्सिपोरा. घर धार्मिक. शनिवारचा विसावा, सिनेगॉगमधली प्रार्थना, तालमूद या ज्यू धर्मग्रंथाचा अभ्यास यांवर आठवडा बेतलेला. कोकणात शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे बेने इस्रायली, म्हणजे आपले शनवार तेली, ज्यांना ऐकून माहीत आहेत त्यांना तो आठवडा फार परका वाटणार नाही.

हिटलर १९३३ मध्ये सत्तेवर आला. ज्यूंचं नागरिकत्व हिरावणारे न्यूरेम्बर्ग कायदे १९३५ चे. १९४१ पासून पूर्वेकडे सामूहिक गोळीबार सुरू झाले, आणि १९४२ मध्ये पोलंडमधल्या मृत्युछावण्या पूर्ण क्षमतेने चालत होत्या. पण हंगेरी जर्मनीचा मित्रदेश होता. तिथे ज्यूंविरुद्ध कायदे होते, सक्तीची मजुरी होती, तरी सरकारने आपले ज्यू नागरिक सरसकट जर्मनांच्या हवाली केलेले नव्हते. त्यामुळे सिगेतमधल्या लोकांना वाटत राहिलं की हे संकट बाजूने निघून जाईल. १९ मार्च १९४४ ला जर्मन सैन्य हंगेरीत शिरलं. १५ मे ते ९ जुलै या आठ आठवड्यांत सुमारे ४ लाख ४० हजार ज्यूंना आगगाड्यांत कोंबून हलवण्यात आलं, त्यातले बहुतेक ऑश्विट्झ-बिर्केनाऊला. त्यांना घरातून काढून गाडीपर्यंत नेण्याचं काम मुख्यतः हंगेरीच्याच पोलिसांनी केलं. याच आठ आठवड्यांत, ६ जूनला, दोस्तांची फौज नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरली होती. युद्धाचा निकाल दिसू लागला होता आणि गाड्या तरीही चालू होत्या. वीझेल कुटुंबाची गाडी मे महिन्यातली.

पुस्तक मोशेपासून का सुरू होतं

वर्गात पहिली चर्चा बहुतेक याच प्रश्नावर होते, आणि व्हायलाही हवी. लेखक स्वतःच्या आठवणी सांगतोय, पण पहिल्या पानावर दिसतो तो मोशे: सिनेगॉगमध्ये पडेल ते काम करणारा, गरीब, ओशाळा, सगळ्यांना आवडणारा. तो परदेशी ज्यू ठरतो म्हणून त्याला इतरांबरोबर सीमेपलीकडे नेतात. महिन्यांनी तो एकटाच परत येतो. सगळ्यांना खड्डे खणायला लावून गोळ्या घातल्या, आपल्या पायाला गोळी लागली, मेल्याचं सोंग घेतलं म्हणून वाचलो, असं तो दारोदार सांगत फिरतो. लोक म्हणतात, याला वेड लागलंय. कुणी म्हणतं, याला दया हवीये.

यामागे खरा इतिहास आहे. ऑगस्ट १९४१ मध्ये युक्रेनमधल्या कामेनेत्स-पोदोल्स्क इथे सुमारे २३,६०० ज्यूंना ठार करण्यात आलं, आणि त्यांत हंगेरीने 'परके' म्हणून हाकललेले हजारो होते. म्हणजे सिगेतला बातमी मिळाली होती. सांगणारा माणूस गावात हजर होता.

चांगला शिक्षक इथे एक साधा प्रश्न विचारतो: पुस्तक लिहिताना वीझेल स्वतः कुणाच्या जागी उभा आहे? मुलं थोडा वेळ घेतात आणि मग कुणीतरी म्हणतं, मोशेच्या. तोही परत आलाय, तोही न ऐकणाऱ्यांना सांगतोय. आणि ऐकणारे आता वर्गातली मुलं आहेत. पहिलं प्रकरण अशा रीतीने वाचकालाच कसोटीला लावतं. ही रचना आहे, लेखकाने जाणून केलेली निवड आहे, आणि ती दिसली की पुस्तक साहित्याच्या तासाला का आहे ते मुलांना वेगळं सांगावं लागत नाही.

वाक्य वाचायला शिकणं

बिर्केनाऊच्या फलाटावर पुरुष एकीकडे, बायका दुसरीकडे असा हुकूम होतो. आई धाकट्या बहिणीचा हात धरून चालत जाते, तिच्या केसांवरून हात फिरवत. मुलगा वडिलांबरोबर पुढे सरकतो. आई आणि त्सिपोराला आपण शेवटचं पाहतोय हे त्या क्षणी त्याला माहीत नव्हतं, एवढं लेखक सांगतो आणि पुढे जातो. आक्रोश नाही, मोठं विशेषण नाही. मुलांना इथे सांगतात, या परिच्छेदातली विशेषणं मोजा. फार थोडी सापडतात. केसांवरून फिरणारा हात तेवढा लक्षात राहतो. (हिल्डा आणि बेआ वाचल्या, हे त्याला युद्ध संपल्यावर कळलं.)

थोड्याच पानांनंतर नेमकं उलटं घडतं. छावणीतल्या पहिल्या रात्रीबद्दल लिहिताना 'कधीही विसरणार नाही' असं तो सात वेळा म्हणतो: ती रात्र, तो धूर, ती मुलं, त्या ज्वाळा, ती शांतता. इतका वेळ आवरून लिहिणारा माणूस इथे मंत्रासारखी पुनरुक्ती का करतो? हा भाग वर्गात मोठ्याने वाचायला हवा, मनातल्या मनात वाचून चालणार नाही. मोठ्याने वाचल्यावर कळतं की ही प्रार्थनेची लय आहे. लहानपणापासून कानांवर पडलेल्या प्रार्थनेच्या साच्यात तो श्रद्धा जळून गेल्याची गोष्ट सांगतोय. साचा श्रद्धेचा, आशय श्रद्धा संपल्याचा. माझ्या दृष्टीने पुस्तकातली ही सर्वांत मोठी साहित्यिक कृती आहे.

आणि मग सूप. छावणीत दोन फाशींचं वर्णन आहे. पहिली एका धट्ट्याकट्ट्या तरुणाची. कैद्यांना ती बघायला लावतात, मग जेवण. त्या संध्याकाळी सूप नेहमीपेक्षा चांगलं लागलं, असं निवेदक लिहितो. दुसरी फाशी एका लहान मुलाची. त्याचं वजन इतकं कमी की अर्ध्या तासाहून जास्त वेळ त्याचा जीव जात नाही, आणि सगळ्यांना त्याच्या समोरून चालवत नेतात. मागून कुणीतरी विचारतं, देव कुठे आहे. त्या रात्री सुपाला प्रेतांची चव होती.

पहिल्या वाक्यावर मुलं अडखळतात. एखादी चिडते: माणूस फासावर लटकला आणि याला सूप चांगलं लागलं? इथे शिक्षकाने घाई करू नये. भुकेने आणि सवयीने माणसाचं काय होतं हे लेखकाने आपल्या भावनांबद्दल एकही शब्द न लिहिता सांगितलंय. जिभेवरच्या चवीने सांगितलंय. आणि दुसऱ्या वाक्यावरून कळतं की ते मन अजून मेलेलं नव्हतं. दोन वाक्यं, मधे काही पानांचं अंतर. ती शेजारी ठेवून बघायला शिकणं, याहून जास्त साहित्यशिक्षण या वयात मागायचं तरी काय?

एलिएझर आणि वीझेल

वर्गातला एक नियम बाहेरून क्षुल्लक वाटतो. गोष्टीतल्या मुलाला 'एलिएझर' म्हणायचं आणि लिहिणाऱ्याला 'वीझेल'. नाव एकाच माणसाचं आहे. पण पंधरा वर्षांचा मुलगा भोगत होता आणि पंचविशी ओलांडलेला पॅरिसमधला पत्रकार लिहीत होता. मधल्या दहा वर्षांत तो या विषयावर गप्प होता.

पुस्तकाच्या आवृत्त्यांचा प्रवास म्हणूनच शिकवण्यासारखा आहे. यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतलं, हस्तलिखित ८६२ पानांचं होतं, असं वीझेल सांगत. १९५६ मध्ये ते ब्वेनोस आयरेसला छापलं गेलं तेव्हा २४५ पानांचं झालं. त्याच्या नावाचा अर्थ 'आणि जग गप्प राहिलं'. मग नोबेल मिळालेले फ्रेंच कादंबरीकार फ्रान्स्वा मोरियाक यांच्या आग्रहाने आणि प्रस्तावनेसह १९५८ मध्ये फ्रेंच आवृत्ती आली, १७८ पानांची. १९६० ची इंग्रजी त्याहून लहान. अमेरिकेत ३,००० प्रती खपायला तीन वर्षं लागली. वीझेलना शांततेचं नोबेल १९८६ मध्ये मिळालं, आणि २००६ मध्ये त्यांच्या पत्नी मेरियन यांनी केलेला नवा अनुवाद ओप्रा विन्फ्रीच्या कार्यक्रमातून घरोघरी गेला.

कापलं काय? उदाहरण म्हणून शेवट घ्या. आजच्या पुस्तकात, सुटकेनंतर आजारातून उठलेला मुलगा आरशात बघतो, त्याला प्रेत दिसतं, आणि पुस्तक तिथेच संपतं. यिडिशमध्ये तो आरसा फोडतो आणि लेखक पुढे लिहीत राहतो: दहा वर्षं झाली, जर्मनी पुन्हा उभा राहिला, गुन्हेगार मोकळे फिरताहेत, जग विसरतंय. तिथे राग उघडा आहे. अभ्यासक नेओमी साइडमन यांनी १९९६ मध्ये दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून हा फरक मांडला आणि त्यावर बराच वाद झाला. यिडिश वाचणारे बहुतेक स्वतःच वाचलेले किंवा आपली माणसं गमावलेले होते, फ्रेंच वाचणारा युरोप तसा नव्हता. ऐकणारा बदलला की साक्षीचा सूर बदलतो. अकरावीच्या मुलांना हे पेलतं, नववीला घाई करू नये.

दोन दिवस की नऊ दिवस

आता सगळ्यांत नाजूक भाग. जानेवारी १९४५ मध्ये रशियन फौजा जवळ आल्या. एलिएझर तेव्हा बुना या ऑश्विट्झच्याच मजूर-छावणीच्या दवाखान्यात होता, पायाचं ऑपरेशन झालेलं. मागे राहायचं की बाकीच्यांबरोबर बर्फातून चालत निघायचं हे बापलेकांनी ठरवायचं होतं. मागे राहिलेल्यांना मारून टाकतील या भीतीने ते निघाले. १९६० च्या इंग्रजी आवृत्तीत लिहिलंय की दवाखान्यात राहिलेल्यांना दोनच दिवसांनी रशियनांनी सोडवलं. इतिहास सांगतो की छावणी १८ जानेवारीला रिकामी केली आणि सुटका २७ जानेवारीला झाली. नऊ दिवस.

होलोकॉस्ट घडलंच नाही म्हणणारे लोक अशाच जागा शोधत असतात. म्हणून मला वाटतं, शिक्षकाने ही जागा लपवू नये, स्वतः होऊन दाखवावी. निवेदक तिथे नव्हता, ही गोष्ट त्याला नंतर कानांवरून कळलेली. त्याच्या आयुष्यात त्या आकड्याचा अर्थ एकच: थोडं थांबलो असतो तर वडील कदाचित वाचले असते. आठवणीत अंतर आखडतं. यावरून मुलांना कळतं की साक्षीदार तारखेत चुकू शकतो आणि तरी खरं सांगत असतो, आणि तारखेसाठी कागदपत्रांकडे जायचं असतं.

कागदपत्रं आहेतही भरपूर. हंगेरीतल्या ज्यूंच्या गाड्या बिर्केनाऊला उतरतानाची छायाचित्रं खुद्द एसएसच्या, म्हणजे छावण्या चालवणाऱ्या नाझी दलाच्या, लोकांनी मे-जून १९४४ मध्ये काढली. तो अल्बम लिली जेकब या तरुणीला युद्धाच्या शेवटी जर्मनीतल्या डोरा छावणीत सापडला. उघडला तर आत तिच्याच गावची माणसं होती, तिचे धाकटे भाऊ होते. १९८० मध्ये तिने तो जेरुसलेमच्या याद वाशेम या होलोकॉस्ट स्मारकाला दिला. उघड्या खड्ड्यांत प्रेतं जाळली जात असल्याची छायाचित्रं तिथल्याच कैद्यांनी ऑगस्ट १९४४ मध्ये जिवावर उदार होऊन काढली आणि बाहेर पाठवली. पुस्तकातलं फलाटाचं पान आणि अल्बममधला फलाट शेजारी ठेवला की साक्ष आणि पुरावा एकमेकांना कसे धरून ठेवतात ते दिसतं. आपल्याकडे दलित आत्मकथनं शिकवतानाही जनगणना, गॅझेटियर, कोर्टाचे निकाल असे शेजारी ठेवले तर किती उजेड पडेल, असं मनात येऊन जातं.

बाप आणि मुलगा

पुस्तकाचा दुसरा अर्धा भाग तीन मुलांचा आहे. एक, रब्बी (ज्यू धर्मगुरू) एलियाहूचा मुलगा, जो बर्फातल्या धावपळीत मागे पडणाऱ्या बापाला ओळखूनही पुढे निघून जातो. दुसरा, पुढे जर्मनीतल्या बुखेनवाल्ड छावणीकडे नेणाऱ्या गाडीत भाकरीच्या तुकड्यासाठी बापावर तुटून पडणारा. त्या डब्यात शंभर जण चढले होते, बुखेनवाल्डला डझनभर उतरले. तिसरा स्वतः एलिएझर. रब्बीच्या मुलासारखं आपल्या हातून होऊ नये म्हणून ज्या देवावर विश्वास उरला नाही त्याचीच तो प्रार्थना करतो. आणि जानेवारीच्या अखेरीस बुखेनवाल्डला आजारी वडील त्याच्या नावाने हाक मारत असताना तो उत्तर देत नाही. सकाळी त्या जागी दुसराच कुणी झोपलेला असतो. आतून कुठेतरी 'सुटलो' असं काहीसं वाटलं, हेही तो लिहितो. तो तेव्हा सोळा वर्षांचा.

इथे वर्गाचं न्यायालय होऊ देऊ नये. "त्याचं चुकलं का?" हा निबंधाचा विषय मला अजिबात मान्य नाही. विचारायचं ते हे: त्याने हे लिहिलं का? कुणी पाहिलं नव्हतं, कुणी विचारलं नसतं. तरी लिहिलं. त्यामुळे पुस्तकातल्या बाकीच्या पानांवर आपला विश्वास बसतो का?

काय करू नये

वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयाने शिक्षकांसाठी सूचना दिल्या आहेत आणि त्यातली एक मी अधोरेखित करीन: मुलांना कैदी, पहारेकरी बनवून प्रसंग वठवायला लावू नका. वर्गात बाकं ढकलून 'डबा' तयार केल्याने भूक, दुर्गंधी, भीती यांतलं काहीच कळत नाही, उलट कळल्याचा भ्रम होतो. तसंच प्रेतांच्या ढिगांची छायाचित्रं धक्का देण्यासाठी दाखवू नयेत, आणि कुणाचं दुःख मोठं अशी तुलना करू नये.

भाषेबद्दलही जागरूक राहायला हवं. 'लोक मारले गेले' या वाक्यात मारणारा दिसत नाही. मुलांना अशी वाक्यं कर्त्यासह पुन्हा लिहायला द्यावीत: कुणी पकडलं, गाडी कुणी चालवली, यादी कुणी केली, बुनामध्ये ज्यांच्याकडून राबवून घेतलं त्यांचा कारखाना कुणाचा? (आय. जी. फार्बेनचा, कृत्रिम रबराचा.) सगळ्या छावण्या सारख्या नव्हत्या हेही सांगावं. ट्रेब्लिंका केवळ मारण्यासाठी होती, बुखेनवाल्ड मुख्यतः कैद आणि मजुरीची, ऑश्विट्झमध्ये दोन्ही.

आपल्याकडे सीबीएसईच्या नववीच्या इतिहासात नाझीवादावर एक प्रकरण अनेक वर्षं शिकवलं गेलंय. पण पुण्या-मुंबईच्या फुटपाथवरच्या पुस्तकांच्या ढिगात हिटलरचं आत्मचरित्र अजूनही ठळकपणे मांडलेलं असतं, आणि शिस्त, नेतृत्व असल्या नावाखाली तरुण ते घेतात. त्या माणसाच्या 'शिस्ती'चा फलाटावरचा अर्थ काय होता हे आपल्या मुलांनाही कुणीतरी वाचून दाखवायला हवं, याची मला मनापासून तळमळ वाटते.

पुस्तक संपल्यावर मुलं हमखास विचारतात: मग हे लोक आधीच पळून का नाही गेले? उत्तर पुस्तकातच शोधायला लावावं. सुरुवातीला एलिएझर वडिलांना सांगतो, सगळं विकू आणि पॅलेस्टाइनला जाऊ. वडील म्हणतात, नव्याने सुरुवात करायला माझं वय राहिलं नाही. पुढे घरची जुनी मोलकरीण आपल्या गावी लपवायला तयार असते, पण ताटातूट नको म्हणून कुणी जात नाही. यावर मुलं वडिलांना दोष देऊ लागली की बाहेरच्या जगाचा नकाशा काढायचा. जुलै १९३८ मध्ये फ्रान्सला एव्हियाँ इथे ३२ देश ज्यू निर्वासितांसाठी जमले आणि जवळपास सगळ्यांनी दार लोटून घेतलं. १९३९ च्या ब्रिटिश श्वेतपत्रिकेने पॅलेस्टाइनमध्ये पाच वर्षांत ७५,००० हून जास्त ज्यूंना येऊ द्यायचं नाही असं ठरवलं. थोडे लोक मुंबईपर्यंत पोचले. आकाशवाणीची सकाळची धून बांधणारे वॉल्टर काउफमान त्यांपैकीच, आणि निर्वासितांना मदत करणारी ज्यूंची संस्था मुंबईत १९३४ पासून होती. पण सिगेतच्या एका दुकानदाराकडे १९४४ मध्ये कोणता व्हिसा होता, कोणती बोट होती, कोणता देश होता, हे मुलांनी स्वतः शोधून लिहावं आणि मगच श्लोमो वीझेलबद्दल मत द्यावं.